हावगेप्पा काकांचा तिसरा दिवस

बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावात हायवेच्या कडेला मल्लेश बिराप्पाचं दुकान होतं. पाटीवर एकाखाली एक लिहिलेलं होतं: झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, इंटरनेट. इंटरनेटसाठी तीन कॉम्प्युटर होते. दोन गिऱ्हाइकांसाठी आणि तिसरा मल्लेशसाठी. तिसऱ्यावर कधी कुणा गिऱ्हाइकाला बसू दिल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नाही.

मल्लेशबरोबर बीदरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेले सगळे जण एकेक करून हैदराबादला आणि पुण्याला गेले. हा राहिला. का राहिला याची कारणं तो वर्षावर्षाला बदलायचा, पण खरं कारण एवढंच की त्याला कुणी बोलावलं नाही. घरातही त्याची पत फारशी नव्हती. वडील बिराप्पांनी मेंढरं विकून दहा वर्षं झाली होती, पण आवाज तोच राहिला होता, आणि आता तो ऐकायला मल्लेशशिवाय कळपात कुणी उरलं नव्हतं. आई तानुबाई सगळ्या गावाच्या सुखदुःखाला धावायची, त्यामुळं घरी क्वचितच असायची. बायको मंगल शहाणी होती. शहाण्या बायकोसमोर माणसाला मोठं होऊन दाखवता येत नाही, ही तिसरी अडचण.

अशा माणसाला कुठंतरी मोठं व्हायची जागा लागते. मल्लेशला ती २००७ साली सापडली. इंटरनेटवर 'रणगड' नावाचा खेळ निघाला होता. प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा मिळायचा. त्यावर गड बांधायचा, तट चढवायचा, सैन्य जमवायचं आणि शेजाऱ्याचं कोठार लुटायचं. म्हणजे आमच्याकडं बांधावरून जे पिढ्यान्‌पिढ्या चालतं तेच, फक्त मध्ये तलाठी नव्हता. ह्या खेळाचं एक फोरम असायचं. फोरम म्हणजे खेळणाऱ्यांची चावडी. खेळ तिकडं आणि खेळावरची भांडणं इकडं. खेळापेक्षा चावडीला गर्दी जास्त, हे सांगायला नकोच.

मल्लेशनं बीदरकडच्या पोरांची अशी एक चावडी काढली. नाव 'बीदर दरवाजा'. तिथं तो मल्लेश नव्हता, 'किल्लेदार' होता. त्यानं एकतीस नियम केले. शिवी दिली की आठ दिवस बाहेर. एकच गोष्ट दोनदा विचारली की तीन दिवस बाहेर. आणि नियम क्रमांक एक: एका माणसाचं एकच नाव, दोन नावांनी वावरताना सापडला तर दोन्ही नावांसकट कायमचा बाहेर. हा नियम त्यानं औरादच्या दोन पोरांवर चिडून केला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. पोरं त्याला घाबरायची. बिराप्पांच्या मुलाला कुणी घाबरतंय ही गोष्ट त्याला दुपारच्या जेवणापेक्षा गोड लागायची.

तिकडं गुलबर्ग्याकडच्यांची चावडी वेगळी. 'गुलबर्गा अड्डा'. तिचा प्रमुख 'तोफ' ह्या नावानं लिहायचा. तोफेचे नियम दोनच होते आणि तेही कुणी पाळत नसे, तरी तिथली मंडळी खुशीत असायची. हे मल्लेशला सहन होईना. तिथं काय शिजतंय ते बघायला त्यानं २००८ साली चोरून तिथं एक नाव घेतलं: हावगेप्पा काका. वय अडुसष्ट, निवृत्त मास्तर, गाव राजेश्वर. खोटं बोलताना मध्ये एखादं खरं ठेवावं म्हणजे खोटं नीट उभं राहतं, असा त्याचा हिशोब. म्हणून गाव तेवढं खरं लिहिलं. पुढं त्याला बुडवलं ते ह्याच एका खऱ्यानं.

हेरगिरीला गेलेला काका पहिल्या महिन्यात कामातून गेला. कुणीतरी विचारलं, तट आधी बांधू का विहीर? किल्लेदारानं त्याला नियम अठरा दाखवला असता. काकानं लिहिलं, 'बाळा, आधी विहीर. तहानलेला शिपाई तटावर चढत नाही.' सगळ्यांना ते आवडलं. मल्लेशलाही आवडलं. मग काका रोज येऊ लागला. कुणाची परीक्षा कधी आहे ते त्याला पाठ. पुण्याच्या कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या पोराला तो विचारायचा, जेवलास का. गुलबर्ग्याच्या स्टँडवर रिक्षा चालवणारा तिप्पण्णा म्हणून एक जण होता, पीयूसीला, म्हणजे बारावीला, दोनदा गटांगळी खाल्लेला. काका त्याच्या मागं लागून लागून त्याला तिसऱ्यांदा फॉर्म भरायला लावून मोकळा झाला, आणि तिप्पण्णा पास झाला. त्या दिवशी मल्लेशनं दुकानात आलेल्या सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही.

मंगल दुपारी डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत पाठीमागं उभी राहून वाचायची. किल्लेदाराचं वाचून ती काही बोलत नसे. काकाचं वाचताना एकदा म्हणाली, हा माणूस घरी कधी येणार? मल्लेशला तो विनोद वाटला.

तीन वर्षं अशी मजेत गेली. मग २०११ साली खेळाच्या मालकांनी फतवा काढला की ज्या चावडीवर तीनशे माणसं असतील तिलाच स्वतंत्र प्रांत मिळेल. बाकीच्यांनी बेंगळुरूवाल्यांच्या पदरी जावं. बीदर दरवाज्यावर एकशे सत्तर होते, अड्ड्यावर एकशे साठ. बेंगळुरूच्या पदरी जाणं दोघांनाही कमीपणाचं वाटत होतं. तेव्हा एक होण्यावाचून इलाज नव्हता.

दोन चावड्या जोडायच्या म्हणजे कॉम्प्युटरचं काम एका दुपारचं. पण आमच्याकडं सोयरीक एका दुपारी होत नाही. दोन महिने मानपान चालला. आधी नाव कुणाचं, बीदरचं की गुलबर्ग्याचं? शेवटी दोघांचंही नको म्हणून 'सीमाप्रांत' ठरलं. रंग कुठला? ह्यांचा पिवळा, त्यांचा निळा. दोन्ही मिसळून हिरवा निघाला तो कुणालाच आवडला नाही, म्हणून तोच ठेवला. जुन्या भांडणांचे कागद कुणी जपायचे यावर नवीन भांडण झालं. नियमांची पाळी आली तेव्हा तोफेनं कळवलं की तुमच्या एकतीसातला एकच नियम कामाचा आहे, पहिला. तो ठेवू, बाकीचे तीस तुमच्या दुकानात लावा. मल्लेशनं रागात आधी होकार देऊन टाकला आणि मग तो नियम पुन्हा वाचला. एका माणसाचं एकच नाव. तपासणी दोन्ही बाजूंची होणार होती.

आणि खरा प्रश्न पुढंच होता. प्रमुख कोण? खुर्ची एकच. मतदान ठरलं. किल्लेदार की तोफ, अशी सरळ लढत मल्लेश धरून चालला होता आणि बीदरची मतं मोजत होता. इतक्यात तिप्पण्णानं लिहिलं, दोघंही नको, हावगेप्पा काकांना बसवू. खाली चाळीस जणांनी 'हो' लिहिलं. त्यात अकरा बीदरचे होते. मल्लेशला आयुष्यात पहिल्यांदा एक खुर्ची मिळायची वेळ आली होती, आणि ती त्याच्याच हातानं त्याच्याकडून जायला निघाली होती. काकानं बसावं, तर किल्लेदार गेला. दोघांनी राहावं, तर तपासणीत दोघंही गेले. सगळ्यांना सारखा 'बाळा, बाळा' करणारा तो गोडबोल्या म्हातारा त्याला त्या दिवशी इतका डोळ्यात खुपला की काही विचारू नका. माणसाला भाऊबंदकी करायला भाऊ लागतोच असं नाही.

मल्लेशनं मार्ग काढला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना, त्यानं काकाच्या नावावरून चार ओळी लिहिल्या: 'मी काकांचा मुलगा लिहितो आहे. काका आज पहाटे देवाघरी गेले. माती झाली. सर्वांना कळावे.' मग एकाची मार्कशीट लॅमिनेट केली. कागद सरळ आला.

त्याचा अंदाज असा की लोक हात जोडल्याची चित्रं टाकतील, दोन दिवस हळहळतील आणि सोमवारी मतदान होईल. कॉम्प्युटरचं त्याला सगळं कळत होतं, माणसं तेवढी विसरला. आमच्याकडं कुणी गेलं तर घरी बसून हळहळत नाहीत. समाचाराला जातात. ओळख असो नसो, भांडण असो नसो, जीप भरून जातात, दारात बसतात, गेलेल्याचे चार गुण काढतात आणि मगच परततात. जो समाचाराला येत नाही त्याच्या दारात पुढं कुणी जात नाही. तासाभरात पहिला प्रश्न आला: राजेश्वरला घर कुठं आलं? मुलाकडून उत्तर येईना, तेव्हा कुणाला तरी आठवलं की बीदर दरवाज्याचा किल्लेदार राजेश्वरचाच आहे. त्याला विचारलं. घाबरलेल्या किल्लेदारानं लिहिलं, 'ओळखत नाही. गाव मोठं आहे.'

ह्या पाच शब्दांनी त्याची उरलेली मतं गेली. एवढा देवमाणूस ह्याच्याच गावात गेला आणि हा ओळखत नाही म्हणतो. बीदरच्याच एकानं लिहिलं की किल्लेदाराला माणसं ओळखायची सवय पहिल्यापासूनच नाही.

रविवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला गुलबर्ग्याहून जीप आली. अकरा जण उतरले. बीदरच्या बसनं सहा आले. हैदराबादच्या बसमधून पाठीला लॅपटॉपची बॅग अडकवलेली एक तरुणी उतरली, ती तोफ. खरं नाव विजयश्री, आळंदच्या श्रीपतरावांची मुलगी, हैदराबादला कंपनीत नोकरीला. चार वर्षं ज्याच्याशी आपण मिशीला पीळ देऊन भांडलो त्याला मिशीच नव्हती, हे मल्लेशला त्या दिवशी कळलं, पण त्याचं आश्चर्य करायला सवड नव्हती. किल्लेदाराचं दुकान बीदरच्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे त्याच्यापुढंच उभे होते आणि हातात हार होते.

त्यानं ठरवलेलं सांगितलं: मुलगा घराला कुलूप लावून सोलापूरला गेला, आता भेट होणार नाही, तुम्ही परत जा. पण शेजारच्या चहाच्या टपरीवर अंबाजी बसले होते. अंबाजी म्हणजे गावातलं सत्तरीचं माणूस, दहा कोसांतली एकही माती न चुकवलेलं. तिप्पण्णानं त्यांना वाकून विचारलं, हावगेप्पा मास्तरांना ओळखता का. अंबाजींनी क्षणभर आठवलं. आठवलं काहीच नाही. पण एवढ्या लांबून समाचाराला आलेल्या माणसांना, तुमचं मयत आम्हाला ठाऊक नाही, असं कसं सांगायचं? गावाची अब्रू असते.

"हावगेप्पा मास्तर व्हय?" ते म्हणाले. "लई भला माणूस. मातीला होतो की मी."

एकदा अंबाजी मातीला होते म्हटल्यावर बाकीचे मागं कसे राहतील? एकाला मास्तरांनी पाढे शिकवल्याचं आठवलं. दुसऱ्याला त्यांच्या हातची छडी आठवली. घर कुठलं म्हटल्यावर कुणीतरी बोळातल्या एका कुलूपबंद घराकडं हात केला. त्या घरातली माणसं सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेली होती आणि त्यांच्यात मास्तर कुणी नव्हता. आमच्या गावात अशी कुलपं पुष्कळ. कुठल्याही मयताला एखादं सहज मिळावं. मंडळींनी कडीला हार घातले, उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि परत मल्लेशच्या दुकानापुढं येऊन बसली, कारण बसायला जागा तिथंच होती.

रडण्याचा आवाज ऐकून तानुबाई आल्या. कोण गेलं हे न विचारता त्या बायकांच्या पद्धतीनं विजयश्रीच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग भात टाकायला घरी गेल्या. समाचाराला आलेलं माणूस शेजारघरी जेवूनच जातं. मंगल पाण्याची घागर घेऊन आली आणि दुकानाच्या दाराशी उभी राहिली. ती नवऱ्याकडं बघत होती. मल्लेश झेरॉक्सच्या मशीनकडं बघत होता.

मग एकेकानं गुण काढले. रात्रपाळीचा पोरगा पुण्याहून आला होता. म्हणाला, मला जेवलास का म्हणून विचारणारा तिथं दुसरा कुणी नव्हता. तिप्पण्णानं मार्कशीटची झेरॉक्स आणली होती, काकांना दाखवायला म्हणून जपून ठेवलेली, ती त्यानं कुलपाच्या घराच्या दाराखालून आत सारली होती. "माझा बाप मला कधी बाळा म्हटला न्हाई, अण्णा," एवढंच तो मल्लेशला म्हणाला.

विजयश्रीनं डोळे पुसले आणि सांगितलं की एवढी मंडळी जमलीच आहे, तर मतदान इथंच उरकू. तिची सूचना अशी: सीमाप्रांताच्या प्रमुखाची खुर्ची हावगेप्पा काकांच्या नावावर कायमची ठेवावी. तिच्यावर कुणीही बसू नये, तीही नाही आणि किल्लेदारही नाही. सतरा हात वर गेले. अंबाजींनीही केला, त्यांना वाटलं देवळासाठी काही असेल.

मल्लेशला ते सोसलं नाही. खुर्ची गेली म्हणून की तिप्पण्णाच्या त्या शब्दांनी, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. माझ्या मते दोन्ही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हावगेप्पा काका म्हणजे मीच. मीच लिहायचो. कुणी मेलं न्हाई."

आधी अंबाजी उठले. "ह्या खांद्यावर न्हेलाय त्याला मी," ते म्हणाले, "आन् तू मीच म्हणायलास? मेलेल्या माणसाच्या नावावर जगायलास?" खोटं बोलतोय असं त्यांना आता वाटतच नव्हतं. सकाळपासून इतक्यांदा सांगून ती माती त्यांना दिसू लागली होती.

मल्लेश धावत आत गेला, तिसऱ्या कॉम्प्युटरवर बसला आणि सगळ्यांच्या देखत काकाच्या नावानं आत शिरून दाखवलं. ह्याहून मोठा पुरावा नव्हता. पण बीदरचा एक जण म्हणाला, गावात इंटरनेटचं दुकान एकच. म्हातारा इथंच येऊन बसत असणार, आणि ह्यानं त्याचा पासवर्ड चोरला. सगळ्यांना पटलं. हे जास्त खरं वाटत होतं. जो माणूस कालपरवा ओळखत नाही म्हणाला तो आज मीच तो म्हणतो, खुर्ची काकांच्या नावावर झाल्यावर. तिप्पण्णा तर त्याच्या अंगावरच जायला निघाला होता, त्याला दोघांनी धरलं.

विजयश्री एकटी घुटमळली. हुशार मुलगी होती. तिनं दारात उभ्या असलेल्या मंगलला विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. हे म्हणतात ते खरं आहे का?"

मल्लेशनं बायकोकडं बघितलं. त्याची खुर्ची, त्याची अब्रू, तीन वर्षांत त्यानं जे काही चांगलं केलं ते, सगळं आता तिच्या एका शब्दावर होतं. मंगलनं त्या रडून डोळे लाल झालेल्या सतरा-अठरा माणसांकडं बघितलं, तिप्पण्णाकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ते मास्तर वेगळे होते."

मग उशीर लागला नाही. मयताच्या नावाची विटंबना केली म्हणून किल्लेदाराला सीमाप्रांतातून कायमचं काढावं, असा ठराव त्याच्याच दुकानापुढं, त्याच्याच बाकड्यांवर बसून झाला. काकाचा पासवर्ड विजयश्रीनं बदलून टाकला. तानुबाईंनी भात आणला, तो सगळ्यांनी खाल्ला, मल्लेशनं वाढला. निघताना प्रत्येकानं अंबाजींना हात जोडले. दोनच्या सुमाराला जीप गेली.

दुकान रिकामं झाल्यावर मल्लेशनं इतकंच विचारलं, "असं कामून केलीस?"

मंगल बाकड्यांवरचे ग्लास गोळा करत होती. "मी खरं सांगितलं आस्तं तर काका खरंच मेला आस्ता," ती म्हणाली. "आता निदान खुर्चीवर तरी बसलाय."

"आन् मी?"

ती थांबली. तिला त्याची कीव आली होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण बोलली ते वेगळंच.

"तुमी उठा. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक खरंच आलं होतं. त्याला रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स पाहिजे होत्या, आणि मल्लेशनं त्या काढून दिल्या. कागद घेताना त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, गर्दी कसली होती रे सकाळी. मल्लेश म्हणाला, एक मास्तर होते, त्यांचा तिसरा दिवस होता.